पडद्यावरच्या बायका: आमच्या चित्रपट मंडळात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका छोट्या सभागृहात आम्ही पंधरा-वीस जणी, आणि भीतभीत येणारे दोन-तीन पुरुष, मिळून सिनेमा बघतो. शहापूर, वडगाव, अनगोळच्या बायका असतात, खानापूरहून रेल्वेने येणाऱ्या एक निवृत्त बाई असतात, निपाणीच्या दोघी बहिणी असतात. प्रोजेक्टर उसना, खुर्च्या प्लास्टिकच्या, चहा पाळीपाळीने. सिनेमा संपला की खरी गंमत सुरू होते. सिनेमातली बाई कधी बदलली, का बदलली, बदलली तरी का, असे तेच ते प्रश्न फिरून येतात. दर वेळी तोंडी सांगून माझा घसा बसतो, म्हणून इथे लिहून ठेवते. मतं माझी आहेत, मंडळाची नव्हेत. मंडळात दोघींचं एक मत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

पहिल्या सिनेमात तारामती म्हणजे पुरुषच होता म्हणे. खरं का?

खरं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. मुंबईतल्या एका हॉटेलात ते आचारी होते, तिथे दादासाहेब फाळक्यांच्या नजरेत भरले. फाळक्यांनी आधी बायका शोधल्या नाहीत असं नाही. अगदी धंदा करणाऱ्या बायकांनाही विचारून झालं, पण त्यांनीही नाही म्हटलं. सिनेमात तोंड रंगवणं त्यांनासुद्धा खालच्या पायरीचं वाटलं, यावरून काय ते समजा. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता, दोन्ही कामं केली. आपल्याच विरहात आपणच रडायचं!

पण ही गोष्ट सांगताना लोक दुसरी विसरतात. त्याच १९१३ साली फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, मुलीला घेऊन नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरणाऱ्या. भारतीय पडद्यावरची पहिली बाई ही अशी, पोटासाठी उभी राहिलेली. कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. आमच्याकडे हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "मग साळुंक्यांचंच नाव का पाठ असतंय सगळ्यांना?" चांगला प्रश्न आहे.

'चांगल्या घरातल्या' बायका सिनेमात कधी आल्या?

मला हा शब्दच आवडत नाही, पण प्रश्न याच शब्दांत येतो. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' काढला. मराठीतला हा पहिला बोलपट आणि यात तारामती दुर्गा खोटे. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातली बाई पडद्यावर आली म्हणून तेव्हा बरीच कुजबुज झाली. मग एकेक दार उघडत गेलं.

'कुंकू' एवढा जुना सिनेमा, त्यात असं काय आहे की तुम्ही दर वर्षी दाखवता?

दर वर्षी नाही, दोनदाच दाखवलाय. पण तिसऱ्यांदाही दाखवीन.

१९३७ साल. व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, ना. ह. आपट्यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी पायाशी. नीरा नावाच्या तरुण मुलीचं फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून देतात. इथवरची कथा त्या काळी घरोघर घडत होती. फरक पुढे आहे. नीरा रडत बसत नाही, विहीर जवळ करत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं ती सरळ सांगते आणि नवऱ्याला अंगाला हात लावू देत नाही. सावत्र मुलगा लाळ घोटत येतो तेव्हा त्याला छडीने झोडपून काढते. शांता आपट्यांनी हे काम केलंय आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदाही 'मी बिचारी' हा भाव येत नाही.

दोन गोष्टी मुद्दाम बघा. सिनेमात पार्श्वसंगीत नाही. जे आवाज येतात ते त्या घरातले, रस्त्यावरचे. घड्याळाची टिकटिक ऐकताना त्या घरात आपलाच जीव गुदमरतो. दुसरी गोष्ट म्हाताऱ्याच्या विधवा मुलीची, सुशीलेची. समाजकार्य करणारी, शिकलेली ही बाई सावत्र आईची बाजू घेते. हे काम शकुंतला परांजपे यांचं. प्रत्यक्षातही त्या र. धों. कर्व्यांच्या वाटेने संततिनियमनाचं काम करणाऱ्या, आणि सई परांजप्यांच्या आई. म्हणजे १९३७ साली पडद्यावर दोन बायका एकमेकींशी बोलतात आणि एकमेकींना उभं करतात. आज किती सिनेमांत दाखवतात हे?

शेवट मात्र मला खटकतो. नीरा सुटते ती म्हाताऱ्याला पश्चात्ताप होऊन तो जीव देतो म्हणून. तिची सुटका शेवटी त्याच्याच हातून होते. पण शहापूरच्या एका आजींचं म्हणणं वेगळं पडलं. त्या म्हणाल्या, "निदान त्याला लाज तरी वाटली. आमच्या वेळच्यांना तीबी नव्हती."

इतक्या लवकर 'कुंकू' झाला, तर मग पुढे वीस-तीस वर्षं बाई नुसती रडत का बसली?

हा सगळ्यांत मोलाचा प्रश्न, आणि याचं उत्तर मोठं आहे.

सिनेमातली बाई आधी मागासलेली होती आणि मग पायरी पायरीने पुढारली, असं आपण धरून चालतो. तसं झालेलं नाही. 'कुंकू'नंतर दोनच वर्षांनी 'माणूस' आला. त्यात वेश्या झालेली मैना आहे. हवालदार गणपत तिला सोडवायला बघतो आणि शेवटी ती त्याची मदत स्वतःहून नाकारते. स्वातंत्र्यापूर्वीच्या सिनेमाच्या डोक्यात समाजसुधारणा होती. स्वातंत्र्यानंतर कुटुंब आलं, आई आली. १९५३ च्या 'श्यामची आई'ला पहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. सिनेमा उत्तम, वनमालाबाईंचं कामही उत्तम. पण त्यानंतर प्रत्येक निर्मात्याला आईच पाहिजे झाली. तीही सोसणारी.

या सोसणाऱ्या आईचा चेहरा आपल्या जिल्ह्यातला आहे. सुलोचनाबाई, म्हणजे सुलोचना लाटकर, चिकोडी तालुक्यातल्या खडकलाटच्या. जन्म १९२८. कोल्हापूरला भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत त्या घडल्या. 'मीठभाकर', 'वहिनींच्या बांगड्या', पुढे हिंदीत कितीतरी नायकांची आई. १९९९ साली पद्मश्री, २००९ साली महाराष्ट्र भूषण, आणि २०२३ च्या जूनमध्ये गेल्या. त्यांच्या डोळ्यांतलं ते शांत पाणी खोटं नव्हतं. मी त्यांची भक्त आहे, हे आधीच सांगून टाकते.

तरी १९६३ चा 'मोलकरीण' परत बघताना माझी चिडचिड झाली. आपल्याच मुलाच्या घरी मोलकरीण म्हणून राबणारी आई. ओळख सांगत नाही, तक्रार करत नाही, भांडी घासते आणि नातवाला जोजवते. निपाणीहून येणाऱ्या धाकट्या बहिणीने मधेच विचारलं, "अहो, ही बाई रडायलीया कशाला? पगार माग की म्हणावं!" सगळ्या हसल्या. मी मात्र हसता हसता थांबले, कारण तिच्या नकळत ती दुसऱ्याच एका सिनेमाबद्दल बोलत होती.

१९८१ साली याच नावाचा, 'मोलकरीण', एक लहानसा माहितीपट निघाला. युगांतर नावाच्या गटाने केलेला. दीपा धनराज त्या गटातल्या एक. पुण्यातल्या खऱ्या मोलकरणी त्यात आहेत. पगारवाढ आणि सुट्टी मागायला त्या एकत्र येतात, संप करतात, संघटना बांधतात. याच गटाने पुढच्या वर्षी निपाणीत येऊन 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आपल्या बायका त्यात स्वतःच स्वतःची गोष्ट सांगतात. धुळीत तंबाखू कुटणं-चाळणं, खोकला, मुकादमाची बोलणी, चोरून घेतलेल्या बैठका, पहिल्यांदा घोषणा देताना बसलेला आवाज. काही प्रसंग त्यांनी कॅमेऱ्यापुढे परत करून दाखवलेत.

खडकलाट निपाणीपासून हाकेच्या अंतरावर. त्या एवढ्याशा पट्ट्यातून पडद्यावर दोन बायका आल्या. एक मुक्याने सोसणारी, तिला अवघ्या देशाने आई म्हटलं. दुसरी कमरेला पदर खोचून मजुरी मागणारी, तिचं नाव आपल्याच जिल्ह्यात फार थोड्यांना माहीत आहे. सिनेमातली बाई बदलली का, असं कुणी विचारलं की मला या दोघी आठवतात. बदल वर्षांनी होत नाही. गोष्ट कोण सांगतंय, त्यावर तो ठरतो.

आपल्या भागातल्या आणखी कोणी नट्या होत्या का?

होत्या, आणि आपल्याला त्यांचा पत्ता नसतो. 'माणूस'मधली मैना म्हणजे शांता हुबळीकर. आडनावातच गाव आहे. 'कशाला उद्याची बात' हे त्यांचं गाणं, त्यात निरनिराळ्या भाषांतली कडवी आहेत, आणि त्यांच्या आत्मचरित्राचं नावही तेच. विजापूरकडच्या बिळगीच्या अमीरबाई कर्नाटकी हिंदीत गाजल्या. त्यांच्या बहीण गोहरबाई बालगंधर्वांबरोबर रंगभूमीवर उभ्या राहिल्या. कन्नड बोलणाऱ्या या मुली मराठी-हिंदीत गेल्या तेव्हा त्यांना कुणी सीमा विचारली नाही.

उलटही झालंय. कन्नडमधला पहिला बोलपट 'सती सुलोचना', १९३४ चा. तो तयार झाला कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. हे मी मंडळात सांगितलं तेव्हा एका काकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

तमाशापटांत बाई मोकळी असते ना? मग ते पुरोगामी म्हणायचे का?

अर्धं खरं. 'सांगत्ये ऐका', १९५९, अनंत माने यांचा. पुण्यात तो दोन वर्षांहून अधिक चालला. जयश्री गडकरांची 'बुगडी माझी सांडली गं' अजून आमच्याकडे हळदीला वाजते. फडावरची बाई डोळ्याला डोळा भिडवून बोलते, सवाल टाकते, पाटलाला उत्तर देते. हे घरंदाज नायिकेला जमत नव्हतं.

पण गोष्ट कुणाच्या बाजूने सांगितली जाते ते बघा. १९७२ च्या 'पिंजरा'त मास्तर बिघडतो आणि बिघडवणारी ती. पुरुषाचं अधःपतन हा विषय, बाई हे कारण. तिच्या आयुष्याचं काय, हे विचारायला आपल्याला वेळच मिळत नाही, लावण्या इतक्या सुंदर आहेत.

नटी हंसा वाडकरांनी मात्र स्वतः सांगितलं. त्यांचं आत्मचरित्रही 'सांगत्ये ऐका' याच नावाचं. त्याच्यावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' केला आणि स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडद्यावर दुसऱ्यांनी लिहिलेल्या बाया रंगवून थकलेली नटी पुस्तकात 'मी' म्हणून बोलते, आणि तो 'मी' परत पडद्यावर येतो. एवढा लांबचा वळसा.

सिनेमातली सासू एवढी दुष्ट का?

ललिता पवारांमुळे! गंमत सोडा. त्या आधी नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा अधू झाला. त्या डोळ्यानिशी नायिका कोण घेणार? मग सासू, सावत्र आई, कजाग म्हातारी. एका अपघाताला पुढे इंडस्ट्रीने स्वभाव करून टाकलं. बाकी सासू-सून भांडत राहिल्या की घरातल्या पुरुषाला काहीच करावं लागत नाही. पटकथेतही आणि घरातही.

'माहेरची साडी' बघून आमच्या आया रडल्या. तुम्ही त्याला नावं का ठेवता?

नावं ठेवत नाही. मी स्वतः रडलेय, दोन रुमाल भिजवून.

१९९१. विजय कोंडके यांचा सिनेमा, अलका कुबल नायिका. मूळ एक राजस्थानी सिनेमा, त्याचं मराठी रूप. खेड्यापाड्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून बायका थेटरला यायच्या. मी तेव्हा आठवीत होते. आईच्या शेजारी लाकडी खुर्चीत बसलेले. पंखा बंद, वर पत्रा तापलेला आणि आजूबाजूला शे-दीडशे बायका एका सुरात हुंदके देतायत. मध्यंतराला दिवे लागले तर कुणी कुणाच्या डोळ्यांत बघेना. मग मागच्या रांगेतून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या सासूला आणायला पायजे होतं!" आणि सगळं थेटर हसत सुटलं.

त्या दिवशी आईने येताना पदराची गाठ सोडून मला शेंगदाणे घेऊन दिले आणि वाटभर तिच्या सासरच्या गोष्टी सांगितल्या. त्याआधी कधीच सांगितल्या नव्हत्या. म्हणून मी या सिनेमाला हसत नाही. पडद्यावरची लक्ष्मी मूग गिळून सगळं सोसते आणि माहेरची साडी येते ती वेळ टळून गेल्यावर. हे दाखवणं म्हणजे सोसण्याला हार घालणं आहे, आणि तो माझा आक्षेप कायम आहे. पण बघणाऱ्या बायका बावळट नव्हत्या. घरी रडायला जागा नव्हती, ती त्यांनी तिकीट काढून मिळवली. साडी विणणाऱ्या शहापूर-वडगावच्या बायकांना साडीची किंमत कुणी शिकवायला नको.

'उंबरठा'तली सुलभा पोटच्या मुलीला टाकून जाते. ते कसं पटवून घ्यायचं?

या एका प्रश्नावर आमच्याकडे चहा दोनदा गार झालाय.

१९८२. जब्बार पटेल दिग्दर्शक, पटकथा विजय तेंडुलकरांची, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून. सुलभा महाजन सुखवस्तू घरातली सून. महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून नोकरी मिळते, तेव्हा नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून जाते. तिथे बायकांचे हाल बघते, व्यवस्थेशी भांडते, हरते, परत येते. नवऱ्याच्या आयुष्यात तोवर दुसरी बाई आलेली असते, आणि हे तो अगदी शांतपणे सांगतो. ती परत बाहेर पडते.

खानापूरच्या बाई म्हणाल्या, "मिलिटरीतला बाप दोन-दोन वर्षं येत नाही, त्याला कुणी टाकून गेला म्हणतं काय?" आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, घरटी एक फौजी सापडेल. त्यामुळे मुद्दा लगेच पोहोचला. तरी दोघी-तिघींना पटलं नाही आणि मला वाटतं न पटू दे. सुलभा आपल्याला आवडावी म्हणून सिनेमा काहीच धडपड करत नाही, तेच त्याचं बळ. नायिका आवडलीच पाहिजे हा नियम पुरुषांना कुठे लागू असतो?

'जोगवा'त दाखवलंय ते सौंदत्तीचं आहे का? तेवढं खरं आहे का?

राजीव पाटील यांचा सिनेमा २००९ चा, राजन गवस यांच्या कादंबऱ्यांचा आधार. सुली नावाच्या मुलीच्या केसांत जट येते, देवीचं बोलावणं समजून तिला जोगतीण, म्हणजे देवीला वाहिलेली बाई, करतात. तायप्पाला साडी नेसवून जोगता करतात. मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये. लिमये यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्याच जिल्ह्यात. पौर्णिमेच्या जत्रेला आपल्या दारावरून गाड्या जातात, भंडारा उधळलेला, 'उदं गं आई उदं' चाललेलं. देवाला मुली सोडण्यावर कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा झाला म्हणून त्याआधी सोडलेल्या बायकांचं आयुष्य काही माघारी आलं नाही.

दाखवला त्या दिवशी आमच्यात एक वयस्क बाई आल्या होत्या, गळ्यात कवड्यांची माळ, एके काळी डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्तीची टोपली, घेऊन फिरलेल्या. सिनेमाभर गप्प. शेवटी कुणीतरी विचारलं, कसा वाटला? म्हणाल्या, "चौंडकं बरोबर वाजवलंय." मग बऱ्याच वेळाने, "त्या दोघांस्नी पळून जायला जागा घावली. आम्हांस्नी कुठली?"

त्यानंतर मी जे काही बोलणार होते ते बोलले नाही.

जोगतिणीवरचे पूर्वीचे सिनेमे तिला एक तर भुरळ पाडणारी दाखवायचे, नाहीतर दयेची धनीण. 'जोगवा'ने तिच्या देहाला, तिच्या इच्छेला नाव दिलं. तेवढं पुरेसं नाही, पण मोठं आहे.

दादा कोंडके, 'अशी ही बनवाबनवी' वगैरे बघायचे नाहीत का मग?

बघा की! मीही बघते. 'बनवाबनवी'तले साडी नेसलेले सचिन आणि लक्ष्मीकांत बघून पोट धरून हसते. एकच सांगते: हसता हसता मोजा, सिनेमातल्या बायकांना स्वतःचा विनोद किती वेळा मिळतो ते.

कन्नड सिनेमात काय परिस्थिती? आपण दोन्ही बघतो.

इथली मोठी मिळकत तीच, की आपण दोन्ही बघतो. पुट्टण्णा कणगाल यांच्या सिनेमांतल्या बायका मी कन्नड नीट समजत नव्हतं तेव्हापासून बघतेय. 'शरपंजर', १९७१: बाळंतपणानंतर मन बिघडलेली कावेरी बरी होऊन घरी येते आणि घर तिला वेडीच ठरवून ठेवतं. मराठीत तेव्हा हा विषय कुणी असा हाताळत नव्हतं. कावेरी झालेल्या कल्पना यांचा शेवट १९७९ साली आपल्याच जिल्ह्यात, संकेश्वरजवळच्या गोटूरला झाला. नाटक कंपनीबरोबर दौऱ्यावर होत्या. हायवेवरून जाताना मला ते आठवतंच.

प्रेमा कारंत यांचा 'फणियम्मा' बालविधवेवरचा, १९८३ चा. कासरवळ्ळी यांचा 'गुलाबी टॉकीज' २००८ चा, त्यातल्या सुईणीच्या कामासाठी उमाश्री यांना राष्ट्रीय पुरस्कार. आणि कित्तूरची राणी? ती तर बेळगावचीच. १९६१ च्या 'कित्तूर चेन्नम्मा'त बी. सरोजादेवी घोड्यावर बसल्या तेव्हा इथल्या मराठी घरांतल्या मुलींनीही काठीच्या तलवारी केल्या, असं माझी आत्या सांगायची.

'सैराट'मधली आर्ची म्हणजे बाईचा विजय का?

२०१६. नागराज मंजुळे. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर हाकणारी, परश्याकडे आधी बघणारी आर्ची. बघण्याचा हक्क तोवर नायकाकडे होता. मराठी सिनेमात पोरीने पोराला असं टक लावून बघणं आणि पोराने लाजणं, हे आम्ही शिट्ट्या मारून साजरं केलं. वर्षभराने कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' आला, त्यातही नायिका रिंकू राजगुरूच.

विजय म्हणाल तर शेवट आठवा. बुलेट तिच्या बापाच्या पैशाची होती. बापाचं छत्र गेल्यावर हैदराबादच्या झोपडपट्टीत तिला कळतं की रुबाब जातीचा होता. आणि मग ती दुसऱ्यांदा, स्वतःच्या कमाईवर उभी राहते. स्कूटी घेते. मला ती स्कूटीवाली आर्ची जास्त आवडते. पुढचं सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही अशी एक मुलगी मागच्या महिन्यात मंडळात आलीय.

'झिम्मा', 'बाईपण भारी देवा' हे तर बायकांचेच सिनेमे. आता झालं ना सगळं?

चाळिशी-साठीच्या बाया नायिका होतात, गुडघे दुखतात म्हणून सांगतात आणि तिकीटबारी भरते, ही लहान गोष्ट नाही. 'बाईपण भारी देवा'ला २०२३ मध्ये भिशीमंडळं नऊवारी नेसून गेली. आम्हीही गेलो. सहा बहिणी, मंगळागौर, फुगड्या. मजा आली.

घरी येताना निपाणीच्या थोरल्या बहिणीने रिक्षात विचारलं, "यातली एकबी मजुरीला जाणारी नव्हती, न्हाई का?" नव्हती. 'झिम्मा'तल्या बायकांसारखं ट्रिपला जायला आधी रजा लागते आणि रजेला आधी नोकरी. विडी वळणारी बाई हजाराच्या हिशोबाने पैसे घेते, तिला रजा कुठली? या सिनेमांना मी दोष देत नाही. फक्त 'बायकांचा सिनेमा' म्हटलं की कुठल्या बायका, एवढं विचारते.

बायका दिग्दर्शक असत्या तर वेगळं झालं असतं का?

थोडंफार. फातमा बेगम यांनी १९२६ सालीच सिनेमा दिग्दर्शित केला होता, म्हणजे सुरुवात उशिरा झाली असं म्हणता येत नाही. मराठीत सुमित्रा भावे यांनी सुनील सुकथनकरांच्या साथीने जे केलं ते बघा. 'दोघी' (१९९५) मधल्या गावाकडच्या दोन बहिणी, थोरलीने मुंबईत देह विकून घर चालवलं आणि त्याच घराला तिची लाज. किंवा 'नितळ', अंगावर कोड असलेल्या डॉक्टर मुलीचा. भावे यांच्या सिनेमात बायका बोलताना हाताने काहीतरी काम करत असतात. पुरुष दिग्दर्शकांच्या बायका बहुतेक वेळा खिडकीत उभ्या असतात.

एखादा सिनेमा बाईला नीट दाखवतो की नाही, हे ओळखायचं कसं?

अमेरिकेतल्या ॲलिसन बेक्डेल या चित्रकथाकार बाईंनी १९८५ साली एक साधी चाळणी दिली. सिनेमात निदान दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशावर बोलतात का. ऐकायला सोपं, पण लाडके सिनेमे धडाधड गळतात. 'कुंकू' पास होतो, हे मी मुद्दाम सांगते.

आमच्या मंडळाने यात भर घातली. ती काय काम करते, ते कळतं का? पैसे तिच्या हातात येतात का? ती जेवताना दिसते का? हा शेवटचा प्रश्न वडगावच्या एका काकूंचा. सिनेमातल्या बाया वाढताना दिसतात, पोटभर जेवताना नाही. एकदा हे डोक्यात शिरलं की मग दुसरं काही दिसत नाही, म्हणून ज्यांना नुसती करमणूक हवी त्यांनी हे वाचलं नाही असं समजावं.

मुलींना सोबत आणलं तर चालेल का?

प्रमाणपत्र बघून ठरवतो. यूए प्रमाणपत्राचे आता सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे भाग झालेत. 'जोगवा'ला आम्ही शाळकरी मुली घेतल्या नाहीत. 'कुंकू'ला आणा, पण पुढच्या रांगेत बसवा.

पुढच्या महिन्यात काय आहे?

दोन्ही 'मोलकरीण' एकापाठोपाठ, आणि मग निपाणीचा माहितीपट. तिन्ही मिळून वेळ लागेल, तेव्हा चार वाजताच या. कुणाची आई, आत्या, शेजारीण वखारीत कामाला होती असेल तर तिला सोबत आणा. निपाणीच्या बहिणी म्हणतात की त्यांच्या मावशी त्या घोळक्यात दिसतील, डावीकडून कितवी ते मात्र दोघींचं जुळत नाही. पायऱ्या आहेत, हाताला धरायला आम्ही खाली थांबू.